सुरांची साथ आणि विज्ञानाची कसोटी

एका खोलीत पियानो आहे. साडेपाच वर्षांच्या एका मुलाला आत आणले जाते आणि तो किंचाळून रडू लागतो. अशा वेळी आपण काय केले असते? त्याला जवळ घेतले असते, काहीतरी दाखवून त्याचे मन रमवले असते, नाहीतर सरळ बाहेर नेले असते. पियानोवर बसलेल्या माणसाने यातले काहीच केले नाही. मूल ज्या स्वरात रडत होते तो स्वर त्याने पियानोवर धरला आणि त्या रडण्याला साथ करायला सुरुवात केली. मुलाचा आवाज चढला की पियानोही चढे, मूल श्वास घ्यायला थांबले की पियानो आणि वादकाचा गळा त्याला उत्तर देई. थोड्या वेळाने एक विलक्षण गोष्ट ऐकू येऊ लागते. मूल अजून रडतेच आहे, पण त्याचे रडणे पियानोच्या स्वरांना धरून येत आहे.

'ऐकू येऊ लागते' असे म्हणतो आहे, कारण हा प्रसंग ध्वनिफितीवर जतन झालेला आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील ही गोष्ट. स्थळ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मुलांसाठीचे दिवसभराचे उपचार केंद्र. पियानोवर होते पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि मुलासोबत होते क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक. पुढच्या काही सत्रांत या मुलाच्या रडण्याची जागा आनंदी, गाण्यासारख्या उद्गारांनी घेतली.

गोष्ट हृद्य आहे. पण विज्ञानाचा विद्यार्थी लगेच विचारील, की हे संगीतामुळे घडले हे कशावरून? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला जवळजवळ साठ वर्षे लागली आणि ते अजून पुरते हाती आलेले नाही. त्या शोधाचा हा इतिहास आहे.

औषधाची जुनी कल्पना

संगीताने मन शांत होते, ही समजूत फार जुनी आहे. बायबलमध्ये शौल राजाचे अस्वस्थ मन दावीदाच्या वीणावादनाने निवत असल्याची कथा आहे. आपल्याकडे अमुक राग अमुक विकारावर गुणकारी, अशा याद्या पुस्तकांतून आणि कॅसेटच्या वेष्टनांवरून आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. या सगळ्यांमागे एकच कल्पना आहे. संगीत म्हणजे औषधाची मात्रा, आणि ऐकणारा म्हणजे ती निमूटपणे घेणारा रोगी. मात्रा योग्य असली की गुण येणारच!

आधुनिक संगीतोपचाराची सुरुवातही काहीशी याच कल्पनेतून झाली. दुसऱ्या महायुद्धात शरीराने आणि मनाने जखमी झालेले सैनिक अमेरिकेतील रुग्णालयांत मोठ्या संख्येने दाखल झाले. त्यांच्यासाठी गायक-वादक येऊ लागले आणि रुग्णांवर होणारा परिणाम डॉक्टरांच्या नजरेत भरला. पण नुसते चांगले वाजवता येणे पुरेसे नाही, रुग्णाविषयीचे शिक्षणही हवे, हे लवकरच कळून आले. १९४४ मध्ये मिशिगन येथील राज्य महाविद्यालयात या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

मुलांचा प्रश्न मात्र वेगळा होता. युद्धावरून आलेला सैनिक बोलू शकतो, आपल्याला काय होते ते सांगू शकतो. जे मूल बोलतच नाही, आपल्याकडे पाहत नाही, हाक मारली तर वळत नाही, त्याला कोणती मात्रा द्यायची आणि ती लागू पडली हे ओळखायचे कसे?

अशा मुलांचे पहिले पद्धतशीर वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये केले आणि 'ऑटिझम' हा शब्द या संदर्भात रूढ झाला. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. कॅनर यांनी ज्या ११ मुलांची हकीकत लिहिली, त्यांतील पहिला मुलगा वयाच्या पहिल्या वर्षीच अनेक गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत असे. ही नोंद तशी मोलाची होती. परंतु पुढची वीसएक वर्षे बऱ्याच तज्ज्ञांचे लक्ष भलतीकडेच लागले. आईबापांच्या, विशेषतः आईच्या, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असे मत प्रबळ झाले. ते चुकीचे होते आणि त्याने असंख्य मातांच्या माथी विनाकारण अपराधाचे ओझे आले. मुलाला काय येत नाही याची यादी वाढत गेली. त्याला काय येते, हा प्रश्न मागे पडला.

सनफील्डमधील भेट

नेमका तोच प्रश्न दोन माणसांनी उचलला. पॉल नॉर्डॉफ (१९०९–१९७७) हे अमेरिकन संगीतकार न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते. युरोपच्या दौऱ्यात ते इंग्लंडमधील सनफील्ड या निवासी संस्थेत गेले. वूस्टरशायर परगण्यातील या संस्थेत मानसिक वाढ मागे पडलेली मुले राहत असत. तेथे क्लाइव्ह रॉबिन्स (१९२७–२०११) हे शिक्षक म्हणून काम करत होते. १९५९ मध्ये दोघांनी एकत्र काम सुरू केले. नॉर्डॉफ तेव्हा पन्नाशीला आले होते. या मुलांच्या ओढीने त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि उरलेले आयुष्य याच कामाला दिले.

त्यांची पद्धत समजून घ्यायला आपल्याकडील मैफलीचा उपयोग होईल. कसलेला तबलजी किंवा हार्मोनियमवादक गायकाच्या पुढे धावत नाही. गायक कोठे चालला आहे हे कान देऊन ऐकतो, त्याची जागा भरून काढतो, क्वचित एखादी नवी वाट सुचवतो. नॉर्डॉफ यांनी मुलाला गायकाच्या जागी बसवले आणि स्वतः साथीदार झाले. मुलाने ढोलावर वेडावाकडा हात मारला, तर त्या ठोक्यांतील लय पकडून पियानो त्याच्याभोवती संगीत उभे करी. मुलाने वेग वाढवला की पियानो वेग वाढवी, मूल थांबले की थांबे. मग केव्हातरी मुलाच्या लक्षात येई, की 'मी केले की तिकडून काहीतरी होते.' ज्या मुलाचे जगाशी देणेघेणेच तुटले आहे, त्याच्या बाबतीत हा शोध लहानसहान नव्हे.

प्रत्येक मुलात, त्याचे अपंगत्व कितीही तीव्र असले तरी, संगीताला प्रतिसाद देणारा एक उपजत भाग असतो, असे या दोघांचे मत होते. त्याला त्यांनी 'म्युझिक चाइल्ड', म्हणजे मुलातले सुरेल मूल, असे नाव दिले. हा सिद्धान्त नव्हे, फार तर एक गृहीतक. परंतु त्याने कामाची दिशाच बदलली. संगीत ही मुलाला पाजायची वस्तू राहिली नाही, दोघांनी मिळून करायची कृती झाली.

फीत आणि मोजपट्टी

नॉर्डॉफ-रॉबिन्स यांचे दुसरे मोठे काम फारसे प्रसिद्ध नाही, पण मला ते अधिक मोलाचे वाटते. १९६२ ते १९६७ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केंद्रात त्यांचा प्रकल्प चालला. त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे अनुदान होते. मुले सात वर्षांखालील होती. त्या काळी अशा मुलांना सरसकट 'मनोविकृत' म्हणत. आज त्यांच्यापैकी अनेकांचे निदान स्वमग्नता असे झाले असते.

हे दोघे प्रत्येक सत्र टेपरेकॉर्डरवर मुद्रित करत. सत्र संपल्यावर फीत पुन्हा लावून ऐकत आणि कोणत्या क्षणी मुलाने काय केले, आपण काय वाजवले, याची नोंद करत. प्रयोगशाळेत आम्ही नोंदवही ठेवतो त्याचाच हा प्रकार. सत्र चालू असताना 'आज मूल छान रमले' असे वाटणे निराळे आणि फीत ऐकल्यावर त्याने दोनदाच प्रतिसाद दिला होता हे कळणे निराळे.

या नोंदींतून त्यांनी मोजपट्ट्या तयार केल्या. एक होती मूल आणि उपचारक यांच्यातील नात्याची, दुसरी मुलाच्या संगीतातून होणाऱ्या संवादाची. पहिल्या पट्टीतली एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिच्यात मुलाच्या सहभागाबरोबर त्याचा विरोधही मोजला जाई. काठी फेकून देणारे, मुद्दाम लय मोडणारे मूल समोरच्या माणसाची दखल घेत असते. सर्वांत खालची पायरी विरोधाची नव्हे, दखलच नसण्याची. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएटिव्ह म्युझिक थेरपी' या त्यांच्या ग्रंथात हे सारे सविस्तर आले. त्याच वर्षी नॉर्डॉफ वारले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ज्युलिएट अल्विन (१८९७–१९८२) या चेलोवादक बाई स्वतंत्रपणे काम करत होत्या. १९५८ मध्ये त्यांनी संगीतोपचारासाठी संस्था काढली आणि १९६८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयात अभ्यासक्रम सुरू केला. वाद्य मुलाच्या हाती द्यावे, त्याला ते हवे तसे हाताळू द्यावे, घाई करू नये, हे त्यांचे सूत्र होते. वाटा वेगळ्या असल्या तरी मूल हेच कर्ता, याबाबत सर्वांचे एकमत होते.

पुढे १९९० च्या दशकात या कल्पनेला एका अनपेक्षित ठिकाणाहून आधार मिळाला. एडिंबरा येथील मानसशास्त्रज्ञ कोल्विन ट्रेव्हार्थेन तान्ह्या मुलांचा आणि मातांचा संवाद अभ्यासत होते. त्यांच्या मुद्रणांचे ध्वनिविश्लेषण स्टीफन मॅलॉक यांनी केले. सहा आठवड्यांची मुलगी आणि तिची आई यांच्या हुंकारांतही त्यांना नियमित लय आढळली, आवाजाच्या चढउतारांची देवाणघेवाण आढळली. म्हणजे शब्द येण्याच्या कितीतरी आधी माणसाचे मूल पाळीपाळीने सूर लावायला शिकते. बाळ 'आऽ' म्हणते, आजी 'आऽऽ, काय गं बाई?' म्हणते, मग दोघी क्षणभर थांबतात. नॉर्डॉफ पियानोवर करत होते ते याच जातीचे काम होते.

एक फीत, अनेक कान

इतके झाल्यावर उपचार सिद्ध झाला असे म्हणायचे का? येथेच खरी अडचण सुरू होते.

आरंभी सांगितलेली त्या रडणाऱ्या मुलाची फीत १९९८-९९ च्या सुमारास संगीतोपचाराच्या एका संशोधनपत्रिकेत पुन्हा चर्चेला आली. निरनिराळ्या अभ्यासकांनी तीच फीत ऐकली. तिचे अर्थ मात्र त्यांनी वेगवेगळे लावले. फीत प्रामाणिक असते, पण ऐकणारा कान आपली अपेक्षा घेऊन बसलेला असतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. मुले वाढतात. आज न बोलणारे मूल सहा महिन्यांनी चार शब्द बोलेल, मग मधल्या काळात त्याला संगीत दिलेले असो वा नसो. शिवाय पालक उपचारासाठी येतात ते परिस्थिती अगदी बिघडली की. फार बिघडलेली गोष्ट बहुधा थोडी आपोआप सुधारते आणि श्रेय हाताशी असलेल्या उपचाराला मिळते. तेव्हा एका मुलाची गोष्ट कितीही खरी असली तरी ती पुरावा होत नाही. त्यासाठी तशाच दुसऱ्या मुलांचा गट तुलनेला हवा, कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे नाणेफेकीसारख्या योगायोगाने ठरायला हवे आणि शेवटी तपासणाऱ्याला मुलाचा गट ठाऊक नसावा.

हे पथ्य पाळले नाही, की काय होते त्याचा धडा १९९३ मध्येच मिळाला होता. त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोत्सार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांच्या एका कसोटीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. प्रयोग एवढाच. परंतु 'मोत्सार्ट ऐकल्याने मुले हुशार होतात' अशी हूल उठली. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद सुचवली! तान्ह्या मुलांवर तो प्रयोग झालेलाच नव्हता. पुढच्या अभ्यासांत तो परिणाम फारच लहान असल्याचे दिसले आणि मन प्रसन्न व तरतरीत होण्याने त्याचा बराच उलगडा होतो हेही कळले. 'संगीत म्हणजे मात्रा' ही जुनी कल्पनाच नव्या वेष्टनात परत आली होती.

कसोटीचे दिवस

संगीतोपचारकांनी स्वतःहून कसोटीला उभे राहायचे ठरवले, ही या इतिहासातील सर्वांत प्रौढ घटना म्हणावी लागेल. सुरुवात लहान होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील एका अभ्यासात स्वमग्न मुलांना काही सत्रे उत्स्फूर्त संगीताची आणि काही खेळण्यांची देण्यात आली. संगीताच्या सत्रांत मुले समोरच्याशी अधिक काळ लक्ष जुळवून राहिली. पण अभ्यास पूर्ण करणारी मुले होती केवळ १०. २०१४ मध्ये अशा १० लहान अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सर्व मिळून १६५ जण होते आणि निष्कर्ष आशादायक होता.

मग मोठी चाचणी झाली. नऊ देशांतील चार ते सात वर्षांची ३६४ स्वमग्न मुले तिच्यात होती. योगायोगाने निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पाच महिने संगीतोपचार मिळाला, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार आणि पालकांना समुपदेशन. तपासणाऱ्यांना गट ठाऊक नव्हता. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सामाजिक लक्षणांच्या मापनात दोन्ही गट सुधारले, प्रत्येकी सुमारे एका गुणाने. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या निकालाने अनेकांची मने दुखावली असतील. पण तुलनेचा गट नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा. १८२ मुले संगीताने सुधारली, असा डांगोरा पिटला गेला असता, आणि त्या मुलांकडे पाहणाऱ्या कोणालाही तो खोटा वाटला नसता.

थोड्या मोठ्या मुलांची चाचणी उत्तर आयर्लंडमध्ये झाली. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने केलेल्या या अभ्यासात मानसिक आरोग्यसेवेकडे आलेली ८ ते १६ वर्षांची २५१ मुले होती. भावनिक, वर्तनविषयक किंवा विकासाच्या अडचणी घेऊन ती आली होती. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर आठवड्यातून एक अशी १२ सत्रे मिळाली. त्यांत मूल आणि उपचारक मिळून जे सुचेल ते वाजवत, गात. हाही निकाल २०१७ चाच. मुख्य प्रश्न संवादकौशल्याचा होता. सर्व मुले मिळून पाहता त्यात ठोस फरक दिसला नाही. १३ वर्षांवरील मुलांनी मात्र स्वतः सांगितले, की आपला संवाद सुधारला. त्यांच्या पालकांना तसे जाणवले नव्हते. तेराव्या आठवड्यात संगीताच्या गटातील मुलांचा आत्मसन्मान वाढलेला आणि नैराश्याचे गुण कमी झालेले आढळले. सव्विसाव्या आठवड्यात हा फरक टिकला नव्हता.

पुढे २०२२ मध्ये स्वमग्नतेविषयीचा आढावा पुन्हा घेतला गेला. या वेळी २६ अभ्यास आणि ११६५ जण होते. सर्वसाधारण सुधारणा, जीवनाची गुणवत्ता आणि लक्षणांची एकूण तीव्रता यांत संगीतोपचाराने बहुधा फायदा होतो, परंतु सामाजिक देवाणघेवाण आणि बोलणे यांत उपचारानंतर स्पष्ट फरक दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. हा आजचा हिशेब. तो जयजयकाराचा नाही आणि टाकून देण्याजोगाही नाही.

शिक्षकाच्या हाती काय?

हा इतिहास शिक्षकांसाठी सांगण्याचे एक कारण आहे. आपल्या वर्गात एखादे मूल कोपऱ्यात बसते, नववीतली एखादी मुलगी अचानक अबोल होते. पालक आपल्यालाच विचारतात, 'अमुक ठिकाणी संगीताने मुलांना बरे करतात म्हणे. घालावे का?' यात पालकांची पदरमोड असते आणि त्याहून मोठी अशी त्यांची आशा असते. 'गाण्याने स्वमग्नता जाते' असे सांगणाऱ्याकडे पुरावा नाही, हे आपण त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगू शकतो. प्रशिक्षित उपचारक असेल, इतर उपचार बंद होणार नसतील आणि मूल तेथे आनंदाने जात असेल, तर जरूर पाठवावे, हेही सांगू शकतो. अबोल झालेल्या मुलीला मात्र आधी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवले पाहिजे. सव्विसाव्या आठवड्याचा निकाल विसरून चालणार नाही. बारा सत्रांची पुण्याई कायमची पुरत नाही.

आणि वर्गातल्या गाण्याचे काय? वर्गात गाणे हा उपचार नव्हे आणि त्याला उपचार म्हणवून घेण्याची गरजही नाही. मुले एकत्र गातात, टाळ्या वाजवतात, त्यात आनंद असतो, तेवढे कारण पुरे आहे. नॉर्डॉफ यांच्याकडून घ्यायचे ते निराळेच आहे, आणि त्यासाठी पियानो लागत नाही. बाकावर सारखी बोटे वाजवणाऱ्या मुलाला आपण 'गप्प बस' म्हणतो. एखाद्या दिवशी टेबलावर तोच ठेका वाजवून त्याला उत्तर द्यावे आणि थांबावे. पुढचा ठेका त्याच्याकडून येतो का, ते पाहावे. आला किंवा न आला, तरी घरी जाऊन वहीत तारीख घालून तसे लिहून ठेवावे.